दोरीतला बैल आणि पोटाखालचा बेडूक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, तोही मनातल्या मनात. कारण वाकून करायची सोय कालपासून राहिलेली नाही. (का, ते ओघात येईल. आधीच सांगितलं तर तू हसत बसशील आणि पुढचं वाचायचं राहील.) तुझा खोकला बसला का? दाजींची साखर कशी आहे? ते चोरून खातात म्हणून तू डबे वरच्या फळीवर ठेवायला लागलीस असं कळलं. फार वर ठेवू नकोस, माणूस स्टुलावरून पडतो आणि साखरेचं राहतं बाजूला. इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे मी सोडून.

ताई, बावीस वर्षं मी या संग्रहालयात दगडी दालनाचा रखवालदार आहे आणि बावीस वर्षं एकच वाक्य बोलत आलोय: हात लावू नका. मंत्र्याला बोललो, नव्या नवरानवरीला बोललो, एकदा झोपेत तुझ्या भावजयीलाही बोललो आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. या वाक्यावर माझं घर उभं आहे. आणि आता नव्या संचालिकाबाईंनी फर्मान काढलंय की मुलांनी कला नुसती बघायची नाही, अंगानं अनुभवायची. म्हणजे काय, तर दर शनिवारी तीस पोरं माझ्या दालनात सोडायची. पुतळा जसा उभा असेल तसं त्यांनी उभं राहायचं, घोडा दिसला की खिंकाळायचं, डोळे बांधून मडक्यांवरून हात फिरवायचे. हे सगळं शिकवायला एक बाई नेमली आहे. तिचं खरं नाव मी घेत नाही, मी तिला उड्याबाई म्हणतो. शिकलीसवरलेली बाई, पण कधी दोन्ही पाय जमिनीवर असतील तर शपथ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ‘‘काका, तुम्ही असे ताठ का उभे? जरा झाड व्हा की!’’ मी म्हटलं, बाई, मी नोकरीत कायम झालोय तेवढं पुरे, झाड कशाला होऊ?

मी गप्प बसणारा नाही हे तू जाणतेस. परवा शुक्रवारी मी अकरा पानी तक्रार लिहिली, लाल शाईनं महत्त्वाचं अधोरेखित केलं, आणि दाजी व्यवस्थापक मंडळावर आहेत म्हणून त्यांच्याच नावे घरच्या पत्त्यावर टपालात टाकली. बुधवारी मंडळाची बैठक आहे. तक्रार तिथं वाचली गेली की शनिवारचा धुडगूस बंद. संचालिकाबाईंनी मला तसं लेखी कळवलंय: रखवालदाराची हरकत आली तर कार्यक्रम थांबवावा लागेल. (अधिकाऱ्यांना आमची किंमत हरकतीपुरतीच कळते.) तक्रारीत मी ठणकावून लिहिलंय की मूर्तीला हाताची गरज नसते, नजर पुरते, बावीस वर्षांत मी एकदाही हात लावलेला नाही आणि तरी इथला दगड न् दगड मला ओळखतो.

तर काल शनिवारी काय झालं ते ऐक. दालनात एक बसलेला दगडी बैल आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, डाव्या कानाचा टवका उडालेला. पोरांच्या हौसेसाठी त्याचा साच्यातून काढलेला जुळा भाऊ करून आणला, रंग तोच, कानाचा टवका तोच. अस्सल बैल दोरीच्या आत, ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी. नकली बैल बाहेर, ‘अवश्य स्पर्श करा’ अशी पाटी. मागल्या महिन्यात फरशी घासायची म्हणून हमालांनी दोघांना ढकलगाडीवर घालून हलवलं, मी जेवायला गेलो असताना पुन्हा आणून ठेवलं, आणि पाट्या माझ्या खुर्चीवर टाकून निघून गेले. मी आलो तर समोर दोन बैल. शिपाई विचारायला लागला, ‘‘काका, यातला खरा कोणता?’’ मी नुसता हसलो. बावीस वर्षांची ओळख, ताई! लांबूनच बोट दाखवलं आणि स्वतःच्या हातानं दोरी बांधली.

काल पोरं आली तसं मी दोरीपाशी छातीचा कोट करून उभा राहिलो. बाहेरच्या बैलावर नेहमीप्रमाणे चढाई. त्यात एक सहा वर्षांची कार्टी आहे, पुढचे दोन्ही दात गायब, म्हणून मी तिला दातपडकी म्हणतो. (ती मला शिट्टीकाका म्हणते, तेव्हा फिटंफाट.) ती बैलावर बसत नाही, त्याच्या पोटाखाली पालथी पडून हात कोपरापर्यंत आत घालते. काल तशीच उठली, माझी नजर चुकवून दोरीखालून आत शिरली, आतल्या बैलाच्या पोटाखालीही हात घातला, त्याला टिचकी मारली, गाल लावला. मी शिट्टी फुंकेपर्यंत सगळं उरकून ती माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, ‘‘शिट्टीकाका, तुमचा बैल पोकळ आहे. डब्यासारखा वाजतो. आणि त्याच्याकडे बेडूक नाही.’’

कसला बेडूक, विचारलं. म्हणाली, ‘‘आमच्या बैलाच्या दुमडलेल्या पायामागं असतो ना! दिसत नाही, हाताला लागतो. तुम्हाला माहीत नाही?’’

नोंदवहीत त्या बैलाची लांबी आहे, रुंदी आहे, कानाचा टवका आहे. बेडूक नाही. पोरीला खोटं पाडावं एवढ्याच हेतूनं मी फरशीवर पालथा झालो (गणवेशात, ताई, बिल्ल्यासकट) आणि बाहेरच्या बैलाखाली हात घातला. दगड थंडगार. पायामागं बोटं सरकवली आणि लागला. लिंबाएवढा बेडूक, पाठ खडबडीत, मान वर केलेला. कुणातरी कारागिरानं दोन हजार वर्षांपूर्वी मालकाच्या नकळत तिथं कोरून ठेवलेला, जिथं साहेबाची नजर जायची नाही आणि साचाही पोहोचायचा नाही. म्हणजे महिनाभर मी पोकळ बैलावर पहारा देत होतो आणि तीस पोरं अस्सल बैलावरून घसरगुंडी करत होती.

हे कळलं त्याच क्षणी माझी कंबर धरली. हात बेडकावर, बिल्ला फरशीत रुतलेला, तोंडातली शिट्टी प्रत्येक श्वासाला किंचाळतेय. पोरांना वाटलं हा नवा खेळ. तीसच्या तीस पालथी पडली आणि शिट्टी वाजवायला लागली. उड्याबाई टाळ्या पिटत म्हणाली, ‘‘बघा, काका कसे पूर्ण शरीरानं सहभागी झालेत!’’ शेवटी पोरांनीच पाय धरून मला ओढून काढलं. दातपडकी हुकूम सोडत होती, ‘‘हळू ओढा, जुनं आहे ते!’’

पाच वाजता दालन बंद झाल्यावर मी भिंतीचा आधार घेत घेत दोरी आणि पाट्या बदलल्या. अस्सल बैल आत, पोकळ बाहेर. पुन्हा सगळं शिस्तीत. कुणाला पत्ता नाही आणि लागणारही नाही. माझा संताप मात्र कायम आहे. कला ही लांबून बघायची गोष्ट आहे, या मतावरून मी तसूभर हलणार नाही. (हलताही येत नाही.) दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र टपालानं न पाठवता तुमच्या गावी निघालेल्या शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, म्हणजे आजच पोचेल. दाजींच्या नावाचं एक जाड पाकीट उद्यापरवा टपालानं येईल. तू दारातच घे आणि वरच्या फळीवर डब्यांमागं टाक. बुधवारची बैठक उलटेपर्यंत काढू नकोस. तिथवर दाजींचा हात जाऊ लागला असेल तर जागा बदल. पण त्यांना मिळू देऊ नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ.

आणखी ता. क. जुन्या गोधडीचे दोन तुकडे कापून गुडघ्यांना बांधता येतील अशा गाद्या शिवून दे. येत्या शनिवारी बैल मी व्हायचं ठरलंय. मी होकार दिलेला नाही, फक्त नाही म्हटलेलं नाही. तुझ्या भावजयीला सांगू नकोस, तिला कंबरेचं कारण स्टूल सांगितलंय.

शेवटचं ता. क. दातपडकी येत्या शनिवारी येईल आणि बाहेरच्या बैलाखाली हात घालून बेडूक शोधेल. तिला काय सांगू? रात्रभर विचार करून आज सकाळी दोरी पुन्हा बांधली. मागच्या बाजूला ती जरा सैल राहिली आहे. सहा वर्षांचं माणूस पालथं सरकलं तर जाईल इतपत. हात धुऊन यावं लागेल तिला, मी स्वतः नळावर उभा राहीन. आज माझेही धुतले. दोनदा. बेडूक आहे तिथंच आहे.