अकराच्या आत रेडिओ लागला पाहिजे

शनि., ३ मे
केतकीचा फोन. पुढच्या रविवारी, ११ ला, सकाळी अकरा वाजता तिचा पहिला मराठी कार्यक्रम! कॉव्हेंट्रीतलंच छोटं कम्युनिटी स्टेशन, फक्त डिजिटलवर. "आई, बाबांना प्लीज सांगू नकोस." फार्मसीची पक्की नोकरी सोडून लेक रेडिओत शिरली, तेव्हापासून, म्हणजे जानेवारीपासून, हे तिच्याशी बोललेले नाहीत. घरात लावला तर उठून बागेत जातील. पण रविवारी अकराच्या सुमारास आम्ही भाजीला निघतो. ह्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपासून गाडी मीच चालवते. चालत्या गाडीतून कुठे जातील?
गाडी चौदा वर्षांची, डिजिटल रेडिओ नाही. बसवायचा. मीच.

मंगळ., ६ मे
पार्सल आलं. एक डबी, वायर, काचेला चिकटवायची अँटेना. हे जन्मभर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. खुर्चीतूनच, "अगं, गॅरेजला दे. तुला जमायचं नाही." ट्रॅफिकच्या बातम्यांसाठी हवाय, मी म्हणाले. थाप पचली.

बुध., ७ मे
शाळेच्या ऑफिसातून तीनला सुटले. व्हिडिओ तीनदा पाहिला. गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या धातूच्या खांबावरचं प्लास्टिक धिरड्याच्या उलथन्याने काढलं. नवी वस्तू, तेव्हा आधी पूजा: खांबाला ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली, गाडी घेतली तेव्हा स्टिअरिंगला ओढली होती तशीच. मग अँटेना काचेला, तिची तांब्याची पट्टी खांबाला. प्लास्टिक परत जागेवर. वायर कार्पेटखाली. एकही स्क्रू उरला नाही. वय अठ्ठावन्न! छाती फुगली आहे.

गुरु., ८ मे
एकही स्टेशन लागत नाही. शून्य.
हे: "गॅरेज." एवढंच.
नाही देणार. आता तर नाहीच.

शनि., १० मे
सकाळी रडूच आलं. उद्या अकरा.
मग डोळे पुसून माहितीपत्रक नीट वाचलं. पट्टी कोऱ्या धातूला टेकली पाहिजे. आणि माझ्या पट्टीखाली? हळदकुंकवाचा छान वाळलेला थर. कर्म माझं! नेलपॉलिश रिमूव्हरने खांब लख्ख पुसला, पट्टी पुसून पुन्हा चिकटवली. धडाधड स्टेशनं लागली. ड्राइव्हवेवर उडी मारली, समोरच्या बाईंनी पाहिलं. पाहू दे.
हे दारात. "कुंकवाने सिग्नल अडतो, हे आम्हाला कॉलेजात नव्हतं शिकवलं." आणि हसले. किती महिन्यांनी.
कुंकू पुन्हा लावलंच, पण डबीच्या वरच्या बाजूला.

रवि., ११ मे
राउंडअबाउटवर असतानाच अकरा वाजले. "नमस्कार कॉव्हेंट्री, मी केतकी." स्वच्छ आवाज, जराही खरखर नाही. ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बंद कर म्हणाले नाहीत.
तीस वर्षं इथे बस चालवलेल्या एका आजोबांना तिने बोलतं केलं. "आजोबा, first day ला तुम्ही nervous होता का?" आजोबा असे खुलले! अर्ध्या गोष्टीवर वेळ संपला, बाकीची पुढच्या रविवारी. बुधवारी तीनला हाच भाग पुन्हा लागणार.
दुकानासमोर गाडी लावली, पण साडेअकरापर्यंत दोघांपैकी कुणी उतरलं नाही. मग हे म्हणाले, "मेथी संपेल."
रेडिओ मी बसवला आणि मुलगीही माझी. आज मला कुणी काही बोलू नये.

बुध., १४ मे
सव्वातीनला चालत घरी आले. हे ड्राइव्हवेवर, बंद गाडीत, बाजूच्या सीटवर, चक्क बेल्ट लावून. आत केतकीचा आवाज. मला पाहून काच खाली केली. "सिग्नल चेक करतोय. तुझ्या वायरिंगचा भरवसा नाही."
"करा," म्हटलं. आत जाऊन चहा टाकला. चहा निवला तरी हे आले नाहीत.

गुरु., १५ मे
गाडी सुरू होईना. चावी काल तशीच राहिलेली, बॅटरी ठार. शेजाऱ्याने जंप लीड लावून दिल्या. बॅटरी उतरली म्हणून इतकं खूश कुणी झालं नसेल. केतकीला मेसेज लिहिला, मग पुसला. हे मी सांगण्यात अर्थ नाही.
संध्याकाळी पेपरामागून, "त्या बसवाल्या आजोबांचं पुढचं कधी म्हणाली ती?"
"रविवारी. अकराला."
"मग पावणेअकराला निघू. राउंडअबाउटच्या गडबडीत सुरुवात नीट ऐकू येत नाही."
फोन त्यांच्या हाताशीच होता. तिचा नंबर पाठ आहे त्यांना. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.