बोली धरली

मी, सौ. मथुरा गंगाराम पावसे, वय वर्षे ६३, धंदा सुक्या मासळीचा, राहणार हर्णे, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कान जरा कमी ऐकतात, गुडघे अजिबात ऐकत नाहीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही. तसा माणूस आता हर्ण्यात राहिलेला नाही. मजकूर माझा, अक्षर माझे. सातवी पास आहे. कायद्याचे शब्द तेवढे दापोलीच्या वकिलांनी सांगितले.

पूर्ण नाव लिहिताना जरा थांबले. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतले ते एकदा, आणि त्यानंतर हर्ण्याच्या बंदरावर सगळ्यांच्या देखत घेतले ते दुसऱ्यांदा. ते का घेतले हे सांगितल्याशिवाय माझ्या मालमत्तेचा अर्थ लागणार नाही. वकील "थोडक्यात, थोडक्यात" म्हणत होते. त्यांची फी दिलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कलम १. घर. बाजारपेठेमागचे तीन खोल्यांचे कौलारू घर माझ्या पतीने २०१२ साली बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केले. "न वाचता सही करणाऱ्याच्या नावावर घर नको," असे ते स्वतःच म्हणाले. माझ्या मागे, ते हयात असेपर्यंत, या घरात राहण्याचा हक्क त्यांचा. त्यांना कोणी मुंबईला नेऊ नये. तिकडे वारा कुठून सुटलाय ते त्यांना कळत नाही आणि मग दिवसभर चिडचिड करतात. त्यांच्यानंतर घर मुलगी दीपाली आणि मुलगा हर्षद यांचे, निम्मे निम्मे.

न वाचता सही म्हणजे काय, ते असे. हर्ण्याला संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. तिथे बोली तोंडाची. पुकारणाऱ्याने "धरली" म्हटले की माल तुमचा, पैसे मागाहून. त्यात कोणी कागद मागितला तर समोरच्याचा अपमान होतो. माझे पती तीस वर्षे त्या वाळूवर व्यापार करत होते आणि एकदा बोललेला भाव त्यांनी कधी फिरवला नाही. म्हणून गावात पतसंस्था निघाली तेव्हा चेअरमनने त्यांना संचालक करून घेतले. ह्यांच्या शब्दावर बंदरावरच्या तेवीस बायकांनी आपली शिल्लक तिथे नेऊन ठेवली. दर महिन्याला सभा, चहा, बटाटेवडा, आणि ठरावाच्या वहीत सही. ठराव वाचायला मागितला तर चेअरमनचा अपमान होईल, असे ह्यांना वाटायचे. वाळूवरची रीत त्यांनी टेबलावर नेली, एवढीच त्यांची चूक. पण ती चूक तेवीस घरांना महागात पडली.

२००८ साली टीव्हीवर अमेरिकेतल्या बँका बुडाल्याचे दाखवत होते. मी कोळंबी सोलत बघत होते. "आपला काय संबंध?" असे मीच म्हणाले होते, हे मी कबूल करते. थोड्याच दिवसांत कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांचे एजंट बंदरावर यायचे बंद झाले. भाव निम्म्याखाली आला. मग पनवेलकडच्या एका बिल्डरचे काम थांबले आणि आमच्या पतसंस्थेला कुलूप लागले. वहीतले ठराव तेव्हा वाचले. सगळ्यांच्या ठेवी त्या एकट्या बिल्डरला दिलेल्या होत्या, आणि प्रत्येक पानावर ह्यांची सही होती, वळणदार.

दुसऱ्या दिवशी हे लिलावाला गेले आणि त्यांनी बोली केली. आनंदीबाई गर्दीतून पुढे आली. ही विधवा बाई, डोक्यावर पाटी घेऊन मुरुडपर्यंत दारोदार मासळी विकणारी. मुलीच्या लग्नाचे सगळे पैसे तिने आमच्या शब्दावर ठेवले होते. "मेल्या, आधी आमचं पैसं टाक, मंग तोंड उघड!" असे ती ओरडली. लिलाव पुकारणाऱ्या महिपतने ह्यांची बोली ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि दुसऱ्याला माल दिला. हे घरी आले, पिशवी खुंटीला लावली, आणि त्यानंतर नऊ वर्षे बंदरावर गेले नाहीत. त्या रात्री मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांची दया आली होती. दोन्ही लिहून ठेवते.

कलम २. पासबुक. पतसंस्थेचे माझे पासबुक मी जपून ठेवले आहे. त्यात तीस हजार सातशे रुपये शिल्लक दाखवलेली असून खाली शिक्का आहे. ही सगळी रक्कम मी माजी चेअरमन यांना देते. त्यांनी ती खुशाल काढून घ्यावी. माझ्या तेराव्याला त्यांना जेवायला बोलवावे, पोटभर वाढावे, मात्र सोड्यांचे कालवण वाढू नये. त्या सोड्यांमागचे कष्ट त्यांना पचणार नाहीत.

कलम ३. तराजू, वजने आणि पाट्या. हे सर्व माझी नात सानिका हिला. ती कॉलेजात शिकते आणि म्हणते की आता वजनाचे इलेक्ट्रिक यंत्र असते. असू दे. लाईट गेल्यावर माझी आठवण येईल. याच तराजूवर पुढचा सगळा माल तोलला गेला. पाट्यांमधल्या अकरा जुन्या आहेत, त्या विकू नयेत.

त्या अकरा पाट्यांची हकीकत. कुलूप लागून आठ दिवस झाले होते. कोळंबी उतरत होती आणि घेणारा नव्हता. मी ह्यांना न सांगता लिलावाला गेले. बायका बोली करतात, पण रोखीची, पाटी-दोन पाट्यांची. मी अकरा पाट्यांची केली, तीही उधारीवर. महिपतने विचारले, "कोनाच्या नावावर?" माझ्या नावाला तेव्हा कोण ओळखत होते? मी घरून काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून गेले, "गंगाराम पावसे!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारा "अगो, नाव घेतलान!" असे म्हणाला. महिपतने आनंदीबाईकडे बघितले. ती खाली थुंकली आणि तिने तोंड फिरवले, पण अडवले नाही. मग महिपत म्हणाला, "धरली." पैसे बुडाले असते तर ते त्याला स्वतःच्या खिशातून भरावे लागले असते. इतक्या वर्षांत त्याने हे एकदाही बोलून दाखवले नाही, म्हणून मी लिहिते.

अकरा पाट्या एकटीने सोलून होत नाहीत. पैसे बुडालेल्या तेवीसही बायकांना मी बोलावले. सरळ सांगितले की मजुरी आज नाही, मालात वाटा आहे. कोळंबी सोलून कडक उन्हात वाळवली की सोडे होतात. ताज्या कोळंबीला उद्याची खात्री नसते. सोडे डब्यात वर्षभर राहतात आणि पावसात, होड्या वर ओढल्यावर, भाव दुप्पट होतो. मी पाटल्या गहाण टाकून मीठ आणि ताडपत्र्या आणल्या. जूनमध्ये खेडच्या बाजारात आणि स्टेशनबाहेर बसून आम्ही सोडे विकले. पहिल्या वर्षी महिपतचे पैसे फिटले. दुसऱ्या वर्षापासून मी माझ्या वाट्यातून एकेका बाईची बुडालेली ठेव परत करू लागले. कायद्याने ती जबाबदारी आमच्यावर नव्हती. वकिलांनी हे वाक्य दोनदा घालायला सांगितले, मी एकदाच घातले.

पाटल्या सोडवून आणल्या आहेत. त्या सानिकाच्या शिक्षणाला. मोडायची वेळ आली तर मोडाव्यात, रडू नये.

कलम ४. डबा. आमच्या धंद्याला गावात डबा म्हणतात. त्यातला माझा वाटा आणि वाळवणाची फरसबंदी जागा मी दीपालीला देते. ती हर्ण्यातच दिली आहे आणि बारा वर्षे माझ्याबरोबर उन्हात आहे. हर्षद म्हणतो की सगळ्यांचे पैसे एका चांगल्या योजनेत घालू, व्याज जास्त मिळेल. हर्षद शहाणा आहे, पण "एक" हा शब्द मला आता चालत नाही. डब्याची रीत पुढेही अशीच चालवावी: थोडे पोस्टात, थोडे बँकेत, थोडे सोड्यांत, आणि प्रत्येकीच्या घरी तिचा डबा. नारळी पौर्णिमेला सगळ्याजणींच्या समोर हिशोब मोठ्याने वाचावा. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो सगळ्यांना वाचून दाखवावा, समोरच्याला अपमान वाटला तरी. वाटू द्यावा. अपमान चार दिवसांत जातो.

नोटबंदीत बंदरावर सुट्टे पैसे दिसेनात तेव्हा आमच्या बायकांनी वाण्याकडून सोड्यांवर तांदूळ आणले. लॉकडाऊनमध्ये लिलाव बंद पडला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये वादळाने अर्ध्या गावाची कौले नेली, तेव्हा डब्यातून तेवीस घरांवर पत्रे चढले आणि एकीनेही कोणापुढे हात पसरला नाही. मुंबईहून पोरे घरी आली होती, नोकऱ्या गेलेली. ती आमच्या शेजारी बसून कोळंबी सोलायला शिकली. हे लिहिताना माझी छाती फुगते. फुगू दे, मृत्युपत्र माझे आहे.

कलम ५. हर्षद. घराच्या निम्म्या वाट्याखेरीज पोस्टातली माझी सगळी ठेव हर्षदला. २००८ साली त्याला रत्नागिरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्याने तो सोडला आणि अठराव्या वर्षी मुंबईला कुरियरच्या ऑफिसात लागला. दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि फोनवर "मला शिकायचा कंटाळाच होता गो आई," असे म्हणायचा. ते खोटे होते. बावीस बायकांचे आणि आनंदीबाईचे पैसे मी परत केले, पण त्याची ती वर्षे मला परत करता आली नाहीत. ठेव लहान आहे. बाळा, ती व्याज समज. मुद्दल माझ्याकडे राहून गेली.

कलम ६. बोली. ही वस्तू कायद्यात बसत नाही असे वकील म्हणतात. तरी लिहिते, कारण माझ्याकडे हीच सगळ्यात मोठी आहे.

आनंदीबाई नऊ वर्षे डब्यात येऊन माझ्या शेजारी कोळंबी सोलत होती आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मीठ हवे असले तर हात पुढे करायची. हप्त्याने पैसे देऊ केले तर घ्यायची नाही. "सगलं एकदम दे, नायतर नको," असा दुसऱ्या बाईकडून निरोप. तिची रक्कम सगळ्यात मोठी. २०१७ च्या नारळी पौर्णिमेला मी ती एकदम तिच्या पदरात घातली. तिने तीनदा मोजली. मग उठून माझ्या घरी आली, ओटीवर बसलेल्या ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या लिलावाला ये. लोकं वाट बगतात."

दुसऱ्या दिवशी हे गेले. इस्त्रीचा सदरा घातला होता, मासळीच्या बाजाराला! मी लांब उभी राहिले. त्यांनी हात वर केला, भाव बोलले. आवाज चिरका निघाला. महिपतने विचारले, "कोनाच्या नावावर?" आणि ह्यांनी सगळ्या बंदराला ऐकू जाईल असे सांगितले, "मथुरा पावसे!"

महिपत म्हणाला, "धरली." मी तिथेच वाळूत बसले. हसू आवरत नव्हते.

मी ह्यांच्या नावावर बोली केली, ह्यांनी माझ्या नावावर केली. दीपालीने मात्र माझ्यानंतरची पहिली बोली तिच्या स्वतःच्या नावावर करावी. बोलीची पत तिला मी देते. ती पुरवून वापरावी, आणि कधी मोडली तर पुन्हा कशी मिळवायची ते वर लिहिले आहे.

कलम ७. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असे वकील म्हणतात. म्हणून महिपत आणि आनंदीबाई यांना मी काही ठेवत नाही. महिपत बरे म्हणाला. आनंदीबाई म्हणाली, "तुज्याकडं हाय काय द्यायला?"

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. इतकी वर्षे मरायला सवड नव्हती.

ठिकाण: हर्णे
दिनांक: १० ऑगस्ट २०२५

सही: मथुरा गंगाराम पावसे

साक्षीदारांबाबत नोंद. सही करायला बोलावल्यावर आनंदीबाईने पेन उचलले आणि म्हणाली, "वाचतेस कशाला? तुजी बोली हाय ना? खुठं सई करू ता सांग." हे ऐकायला मी सतरा वर्षे थांबले होते, आणि तरीही मी पेन तिच्या हातातून काढून घेतले. म्हटले, आधी ऐक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे मोठ्याने वाचले. कलम एकमध्ये तिची शिवी आली तेव्हा हे उठून पाणी प्यायला गेले. मी विचारले, खोडू का? तिने मानेने नाही म्हटले. वाचून झाल्यावर दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. सहीपुढचा शेरा ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिला आहे.

साक्षीदार १: महिपत, लिलाव पुकारणारा, हर्णे. सगळे ऐकले. सही.

साक्षीदार २: आनंदीबाई, डब्यातली, हर्णे. सगलं आयकलं. शिवी खरी हाय, खोडू नये. बोली धरली. सही.