सुन्दुसचा अर्धा फोटो

४ जून
बिझर्टला येऊन आठवडा झाला आणि मी या गावावर बेहद्द खूश आहे. खोली बंदराच्या अगदी वर, खिडकीतून होड्या रंगवणारी माणसं दिसतात. छताच्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे, पण वारा झकास येतो. पट्ट्यापट्ट्यांचा हिरवा पडदा हाजरने निवडून दिला. तिच्यासाठीच तर या गावात दुकान थाटलं.

इथल्या लोकांची एक खोड भारी आहे. घरचा कॉम्प्युटर दुकानात द्यायचा नाही, लेकीबाळींचे फोटो असतात त्यात! दुरुस्तीवाल्यानेच घरी जायचं, आणि घरातलं कुणी वडीलधारं शेजारी खुर्ची टाकून शेवटपर्यंत राखण करत बसणार. स्फॅक्सला माझ्या जुन्या दुकानात लोक मशीन खुशाल सोडून जायचे. असो, स्फॅक्स संपलं.

हाजरच्या वडिलांनी, तौफीककाकांनी, स्पष्टच सांगितलंय: गल्लीतल्या बायकांचा तुझ्यावर विश्वास बसू दे, मग मुलगी देतो, तोवर नुसता चहा प्यायला येत जा. गल्लीत शब्द चालतो मबरूकामावशीचा. नवरा गेल्यावर वर्षापूर्वी माहेरच्या गावी परतलीय. तिने उद्या-परवा बोलावलंय.

७ जून
मावशीचा कॉम्प्युटर म्हणजे गोगलगाय. त्यात एक फोटो आहे, फक्त वरची पट्टी उघडते आणि अडकतो. मावशी म्हणाली, माझ्या लेकीचा, सुन्दुसचा, एवढा एक उघडून दे रे बाळा, बाकी सगळं बंद पडलं तरी चालेल.

मेमरी कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कवरची थोडी जागा उसनी घेतो. मी ती जागा दुप्पट करून दिली. फोटो दोन बोटं खाली सरकला. छत, पंखा, हिरव्या पट्ट्यांचा पडदा. माझ्यासारखाच! बाजारात एकच ठाण आलेलं दिसतंय.

मावशीने गरमागरम ब्रीक, म्हणजे अंडं घालून तळलेली पातळ घडी, खाऊ घातली. आतलं अंडं न सांडता खाशील तरच तौफीक मुलगी देईल हो, म्हणून चिडवलं. मी एक थेंब सांडला नाही.

११ जून
आज पदरची एक मेमरीची पट्टी बसवली. फोटो सर्रकन खाली आला. ओले केस, कपाळ, डोळे. ही मुलगी कुठेतरी पाहिलीय, असं वाटलं. मुलगी कुठे असते, म्हणून सहज विचारलं.

मावशीने चहा ओतता ओतता सांगितलं. स्फॅक्सला सुन्दुसच्या भावाने घरचा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता. आठवड्याच्या आत सुन्दुसचे मेंदीच्या दिवशीचे, उघड्या केसांचे फोटो बाजारातल्या प्रत्येक पोराच्या फोनवर होते. लग्न मोडलं. ती समुद्रात चालत गेली. दुरुस्तीवाल्याचं नाव कुणी विचारलं नाही, मावशी म्हणाली. फक्त मी विचारून घेतलं, असंही ती म्हणाली.

सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. माझ्या हातातल्या ब्रीकमधलं अंडं कॉलरवर सांडलं. सांडलंस की रे, म्हणाली, आणि हसली.

१२ जून
इथे तरी खरं लिहितो. तो दुरुस्तीवाला मीच. गंमत म्हणून फोटो तीन दोस्तांना दिले, त्यांनी पुढे वाटले. मुलीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आता मावशीकडे पाऊल टाकणार नाही. पण तिने तोंड उघडलं तर हाजर गेलीच. मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते.

१४ जून
माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तोच फोटो. मी ठेवलेला नाही. इथे तो भराभर उतरतो, गल्लीतला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर माझाच ना! पंख्याचं एक पातं वाकडं आहे. पडदा माझाच आहे. तिच्या हनुवटीखाली, समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं. भांग माझ्यासारखा.

१५ जून
उसनी जागा शून्यावर आणली. एक पट्टी उपटली. आयुष्यभर मशीनं वेगवान केली, आता हात जोडतो, हळू चाल. हळू झालाय. पण थांबत नाही. माझं कपाळ आलं. माझे डोळे. ती मागे उभी आहे.

मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. फरशी ओली होती.

१६ जून
भर दुपारी मावशी तौफीककाकांना घेऊन दारात. वाटलं, संपलं सगळं. ती म्हणाली, पोराच्या हाताला गुण आहे, सगळ्या गल्लीला सांगितलंय मी. काकांनी होकार दिला. परवा साखरपुडा.

जाताना माझ्या कानाशी वाकली. म्हणाली, माझ्या सुन्दुसलाही होकार आला होता बाळा. हातात काही आल्याशिवाय ते हातातून जाणं काय असतं, हे कळत नाही.

१७ जून
दुसरी पट्टीही काढली. मेमरीशिवाय कॉम्प्युटर सुरूच होत नाही — सुरू आहे. वायर उपटली — सुरू आहे. माझी हनुवटी. दोन्ही बाजूंनी तिचे हात. कोपरापर्यंत.

१८ जून, दुपार
खाली हाजरची माणसं आलीत. बायकांचा आनंदाचा कल्ला —

मनगटं आली. कॉलरवर अंड्याचा डाग. शर्ट कालच धुतला होता —

मान ओली. खारट वास. मागे बघणार नाही —

फोटोतला मी वहीत लिहितोय. आता वहीही दिसते. फोटोतल्या वहीतलं वाचता येतं. तेच लिहितोय, हात माझा ऐकत नाही —

हाजर जिना चढतेय — हाजर, सुन्दुसचे फोटो मीच वा