लिनफू माझ्या मुठीत

तिसरा महिना, सातवा दिवस. सकाळ.
आजपासून रोज लिहायचे. मोंगल लिपीत, म्हणजे या चिनी गावात कोणी वाचण्याची भीती नाही. चिमेगलाही वाचता येत नाही. बायकोच्या बाबतीत हा फायदाच.
पणजोबांनी लिनफू जिंकले, तेव्हापासून इथला दारुगाची, म्हणजे गावाचा मोंगल हाकिम, आमच्याच घरातला. कागद चिनी कारकुनाने लिहायचा, शिक्का आम्ही मारायचा. शेन कारकून आज म्हणाला, "सरकार, वाचून दाखवू का?" नको म्हटले. ऐकत बसलो तर धाक काय राहील?
संकल्प: रोज शंभर बाण मारायचे.

नववा दिवस.
बाण अकरा. खांदा धरला.
वरच्या अंगाला नदीचा बांध फुटला म्हणे.

विसावा दिवस.
पुरातले लोक वेशीबाहेर येऊन बसलेत. दोन हजार तरी असतील, असे शेन म्हणतो. मी गेलो नाही, तिकडे वास येतो. शेनचा हट्ट, सरकारी कोठार उघडा. राजधानीच्या हुकमाशिवाय कसे उघडणार?
"हुकूम येईपर्यंत माणसं मरतील, सरकार."
म्हटले, आपला डाकस्वार दहा दिवसांत जाऊन येतो. याच डाकेवर आम्ही अर्धे जग राखले. शेन मान लववून निघून गेला. पटले असावे.

चौथा महिना, चौथा दिवस.
स्वार आला नाही. पुढच्या तीन ठाण्यांवरचे घोडे लोकांनी कापून खाल्ले म्हणे. दुसरा स्वार पाठवला. पायी.
जेवण गेले नाही. हवा बदलली असेल.

अकरावा दिवस.
शेजारच्या परगण्यात लाल मुंडासेवाले बंडखोर शिरले. मी तत्काळ दवंडी पिटवली: चिनी रयतेने हत्यारे आणि घोडे जमा करावेत. जमा झाले दोन गंजके भाले आणि एक आंधळी घोडी. रयत निरुपद्रवी असल्याचे सिद्ध झाले. चिमेग म्हणाली, "अहो, बाकीचं त्यांनी लपवलंय, एवढंच सिद्ध झालं." बायकांना कारभार कळत नाही.

पंधरावा दिवस.
शिबंदीची पाहणी. पटावर शंभर मोंगल, हजर एकतीस. नायक तुगल म्हणाला, बाकीच्यांनी इथल्याच मुली केल्या, आता सासऱ्याच्या दुकानात शेवया विकतात. धनुष्ये कुठे आहेत, विचारले.
"गहाण पडलीत, साहेब. पगाराच्या कागदी नोटा वाणीसुद्धा हातात धरत नाही."
खूप झापले. तो हसला. जुन्या शिपायांचा स्वभाव खेळकर असतो.

अठरावा दिवस.
उत्तरेच्या दोन्ही मोंगल सरदारांकडे कुमक मागितली होती. पहिल्याचे उत्तर: दुसऱ्याशी लढाई चालू आहे, सवड नाही. दुसऱ्याचेही तेच. घरगुती भांडण आहे, मिटेल.
चिमेगला माहेरच्या माणसांकडे पाठवावे का? नको. लोक म्हणतील, घाबरला.

एकविसावा दिवस.
अखेर स्वतःच्या अधिकारात कोठार उघडायचे ठरवले. शेनला बोलावून सांगितले, पेज शिजवा. वाटले, माणूस पायांवर डोके ठेवेल.
"आता कोणासाठी, सरकार? चालू शकत होते ते गेले."
कुठे, विचारले.
"लाल मुंडासं बांधायला."
तटावर चढून पाहिले. खाली विझलेल्या चुली आणि चटयांत गुंडाळलेली माणसे. मोजायला लागलो. मग मोजणे थांबवले.
तरी शिस्त म्हणून पेज शिजवलीच. कोणी खाल्ली नाही.

सव्विसावा दिवस. दुपार.
बंडखोरांना वेस तुगलनेच उघडून दिली. एकही बाण सुटला नाही. मी दरबारी अंगरखा घालून कचेरीत बसून होतो, समेटाची बोलणी करायला. मागच्या दाराने शेन आला, हातात चिनी कपड्यांचे दोन जोड.
"घाला आणि निघा. बाईंनाही घेऊन जा."
म्हटले, शेन, याबद्दल तुला शिक्षा होईल.
"कोण करणार, सरकार?"
कपडे घातले. बरोबर बसले.

अठ्ठाविसावा दिवस.
उत्तरेच्या वाटेवर, नदीकाठी. उतारूंची गर्दी. नावाड्याने विचारले, कुठले तुम्ही? लिनफूचे म्हटले. दुसरे गाव आम्हाला आहे तरी कुठे?
"तिथला तो मोंगल साहेब सापडला का हो?"
चिमेगने माझी बाही घट्ट धरली. मी म्हटले, ठाऊक नाही, मी त्याला कधी पाहिले नाही.
"कोणीच पाहिलं नव्हतं म्हणतात," तो म्हणाला, आणि आम्हाला जरा सरकून बसायला सांगितले.