काचेखालची हालचाल

८ फेब्रुवारी १९५४, इंदूर

पुन्हा सगळं मेलेलं! सांवेरच्या कृत्रिम रेतन केंद्रावरचा मालोजी थर्मास परत घेऊन आला. "श्रीपादभिया, गाई माजावर आलेल्या, लोक सकाळपासून उभे, अन् नळीत एक हलेना! मला काय काय ऐकावं लागलं!" काय सांगू त्याला? इथून निघालं तेव्हा वळूचं वीर्य काचेखाली नुसतं उसळत होतं. बर्फ होता. वीर्य ज्यात मिसळतो तो अंड्याचा बलक ताजा होता. मग मरतं कसं?

१० फेब्रुवारी

बलक-सायट्रेटच्या द्रावणात सल्फा घातला. जंतू मरतील, शुक्राणू तगतील — आशा! जागच्या जागी थरथरले आणि थांबले. आमचे डॉक्टर, दिवाकरजी म्हणाले, "ग्वाल्हेरहून खात्याचे साहेब येताहेत. तोवर जमलं नाही तर आपला सेक्शन बंद. सीधी बात."

घरी आई दारातच — "अंडी फोडून आलास, आधी आंघोळ." मग तेच. देवासची मुलगी बघून ठेवलीय. इतकी वर्षं झाली, पाळणा नाही, आता दुसरी बायको करच. कमल पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

११ फेब्रुवारी

ग्लुकोज. उलट लवकर मेले.

१४ फेब्रुवारी

कमल स्वतःच म्हणाली, "हो म्हणून टाका. सासूबाईंच्या जिवाला बरं वाटेल. मी उज्जैनला माहेरी जाते."

मी म्हणालो, "बघू."

बघू! बायको घर सोडायचं बोलते आणि मी बघू म्हणतो!

१८ फेब्रुवारी

स्ट्रेप्टोमायसिन! क्षयाच्या रोग्यांना देतात ते. दिवाकरजींनी कुठूनसं थोडं मिळवलं. कालच्या नळीतला थेंब आज सकाळी काचेवर घेतला — पोहताहेत! सरळ, जोरात. बिनऔषधाच्या नळीत मात्र स्मशान. दिवाकरजींनी पाठीवर थाप मारली. "वा भिया! गजब केलंस!" पेढे मागवले.

वळूंचं पाहिलं, रेड्यांचं पाहिलं. एकाचं पाहायची हिंमत कधी झाली नाही.

१९ फेब्रुवारी

पाहिलं. माझं.

काच बदलली. भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. मेलेले असते तरी चाललं असतं — इथे मुळात एकही शुक्राणू नाहीच! यात कुठलं औषध घालू? आणि वांझ म्हणून बोलणी कोणी खाल्ली!

२० फेब्रुवारी

मालोजीचा निरोप. थर्मासमधलं जिवंत पोचलं, त्याच वीर्यानं गाई भरवल्या. सगळे खूश. उद्या देवासचे लोक येणार, आई चिवडा करतेय. कुठेतरी निघून जावं. पण कुठे?

२१ फेब्रुवारी

पाहुण्यांसमोरच बोललो. "कमलमध्ये दोष नाही. माझ्यात आहे. मी स्वतः तपासलंय." आई उठून आत गेली. पाहुणे चहा तसाच टाकून निघाले.

कमलला म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं."

ती म्हणाली, "मला होतं. लेडी डॉक्टरकडे मी केव्हाच जाऊन आले. माझं सगळं ठीक आहे म्हणाल्या. तुम्ही एकदा तरी विचाराल, असं वाटलं होतं."