अकरा वर्षांचं ‘येतोय’

प्रिय वायरमन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच फळीवर टाकशील, म्हणून पत्ता आमच्या हिच्याकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर पूर्ण वाच. आधी चष्मा लाव. जुनाच वापरत असशील तर त्याचा नंबर नक्की बदलला असेल, मीच बनवला होता आणि त्याला बारा वर्षं होऊन गेली. दुसऱ्या कोणाकडून नवा करून घेतला असशील तर मला सांगू नकोस.

गुडघ्याचं कळलं. वहिनी आणि ही दातांच्या डॉक्टरकडे भेटल्या होत्या. आपली बोलाचाल बंद झाली म्हणून त्या दोघींनी स्वतःची बंद केली नाही, आपल्यापेक्षा शहाण्या आहेत. वहिनी म्हणाल्या, तू दुकानातून नवा वॉकर विकत आणलास. ते मला फार लागलं. आपल्या मंडळाच्या स्टोअरमध्ये चौदा वॉकर पडून आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या पायांना रबरी टोपणं तू स्वतः बसवलेली आहेत. शहरभर आजाऱ्यांच्या घरी चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या पोचवणारा माणूस स्वतःसाठी दुकानात जातो, तेव्हा त्याला आमचं दार किती नकोसं झालं असेल हे कळायला मला काही भिंग लागत नाही.

मंडळाची हालहवाल सांगतो. नको म्हणालास तरी सांगणारच. तू गेलास तेव्हा आपण बासष्ट जण होतो, आता एकवीस उरलो. काही देवाघरी गेले, काही मुलांकडे राहायला गेले, पण बरेचसे नुसतेच यायचे थांबले. सेक्रेटरी आता एक बाई आहेत, व्यायामाने सांधे बरे करणाऱ्या. मंडळात बाई आली तर नावातलं ‘बंधू’ काढावं का, अशी चर्चा निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू द्या. मला एकही भाऊ नव्हता, एकदम वीस मिळाले.” गळती कुठून सुरू झाली ते शोधायला त्यांनी सगळी जुनी हजेरीपुस्तकं कम्प्युटरवर चढवली. चार महिने खपल्या. आणि त्यातूनच सगळा घोटाळा झाला.

हजेरीचा आपला नियम तुला आठवत असेल. सभासद गैरहजर असला, तर त्याला मंडळात ज्याने आणलं त्याने उभं राहून ‘येतोय’ म्हणायचं. मग त्या महिन्याची गैरहजेरी धरत नाहीत आणि नाव कापत नाहीत. एखाद्याची बैठक चुकली तर सांभाळून घ्यावं म्हणून केलेला नियम. हे किती वेळा म्हणता येईल, ते लिहायचं राहूनच गेलं होतं. तुला मंडळात मी आणलं. त्यामुळे गेली अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तुझं नाव पुकारलं की मी उभा राहतो आणि म्हणतो, येतोय. सुरुवातीला लोक माना वळवून दाराकडे बघायचे. मग त्यांना सवय झाली. एका नव्या सभासदाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, “हे गृहस्थ राहतात तरी किती लांब?” मी म्हटलं, बसने तीन स्टॉप.

यंदा मुख्य कार्यालयाने ठरवलं की सभासद टिकून राहावेत म्हणून, ज्याच्या सभासदत्वात सर्वांत जास्त वर्षं एकही खंड नाही, त्याला मानद पदवी द्यायची. कम्प्युटरने तुझं नाव काढलं. अठ्ठावीस वर्षं, शून्य गैरहजेरी. तुझ्या नावाची सनद सोनेरी अक्षरांत छापून आली, गळ्यात घालायचा निळा पट्टासुद्धा आला. सेक्रेटरीबाई हरखून माझ्या दुकानात आल्या, म्हणाल्या, ही गोड बातमी तुम्हीच द्या. त्या वेळी मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

म्हणून ती गोष्ट आज लिहून टाकतो. तू गेलास त्या वर्षी मानद पदवीसाठी तू चाकमामांचं नाव सुचवणार होतास. सायकलच्या दुकानातून काळ्या हातांनी थेट स्टोअरमध्ये येणारा तो माणूस, तीस वर्षं खुर्च्यांची चाकं सरळ करत बसला. दुरुस्त झालेली खुर्ची बाहेर देण्याआधी मामा स्वतः तिच्यात बसून स्टोअरभर एक फेरी मारायचे. कमिटीला मात्र हॉलचं छप्पर घालून देणाऱ्या गृहस्थांना पदवी द्यायची होती. आदल्या संध्याकाळी माझ्या काउंटरवर कोपर टेकून आपण ठरवलं की तू सूचक आणि मी अनुमोदक. दुसऱ्या दिवशी तू उभा राहिलास, छान बोललास. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कोणाचं? तू माझ्याकडे पाहिलंस. छप्परवाले गृहस्थ माझ्या दुकानाच्या जागेचे मालक, ते पहिल्याच रांगेत बसलेले. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. त्या दिवशी माझ्या पायात चपला होत्या. तू ते पाहिलंस, हत्यारांची पिशवी उचललीस आणि निघून गेलास.

पुढे मी सगळ्यांना सांगत राहिलो की वायरमन कमिटीवर रागावून गेला. कमिटीशी तू अजून वीस वर्षं भांडला असतास, आणि मजेत भांडला असतास. तू गेलास तो माझ्यामुळे. मी भ्यालो आणि तुला एकटं पाडलं. त्याची लाज वाटते, आणि ती तुला सांगायला तीन स्टॉप यायचं धाडस अकरा वर्षांत झालं नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा ‘येतोय’ म्हणून मी मनाची समजूत घालत होतो.

दोन आठवड्यांपूर्वीच्या बैठकीत तुझं नाव आलं. मी सवयीने उभा राहिलो आणि ‘ये’वरच अडकलो. मग सगळं सांगितलं, चपलांसकट. कोणी हसलं नाही. सेक्रेटरीबाईंनी सनद गुंडाळून नळीत घातली आणि नियमात तिथल्या तिथे एक ओळ वाढवून घेतली, की यापुढे ‘येतोय’ म्हणणाऱ्याने त्या महिन्यात त्या माणसाला भेटलेलं असलं पाहिजे. ती ओळ भलतीच कामाला आली. ज्यांची नावं कधीच कापली गेली होती, त्यांचीही दारं लोक वाजवायला लागलेत. पाववाला परत आला, आणि गणिताचे मास्तरही. मास्तर म्हणाले, नऊ वर्षांत एकाने तरी विचारायचं होतं, मी लगेच आलो असतो.

मग प्रश्न आला, पदवी कोणाला? कम्प्युटर बाजूला ठेवून जुन्याच पद्धतीने बैठकीत नाव सुचवायचं ठरलं. मी चाकमामांचं नाव सुचवलं. मामा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झालेत. त्यांनीच दुरुस्त केलेल्या एका खुर्चीत खिडकीशी बसलेले असतात, आणि आपल्यापैकी कोणी गेलं की आधी सांगतात, डावं चाक कुरकुरतंय, तेल आण. अनुमोदनासाठी एकदम चार हात वर झाले. अकरा वर्षांपूर्वी एक हात पुरला असता. मी चौघांनाही हात खाली घ्यायची विनंती केली.

हे पत्र त्यासाठी आहे. सोबत फॉर्म जोडला आहे. सूचक म्हणून वर माझी सही आहे, खाली अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आहे. पुढच्या बैठकीपर्यंत ती तशी ठेवता येते, आणि सही बैठकीतच करावी लागते. त्या दिवशी तू आला नाहीस तर त्या चौघांपैकी कोणीतरी सही करेल, मामांचं अडणार नाही, पण तुझं नाव मात्र कटेल, ते या एका महिन्यापुरतंच राखलं आहे. दाराच्या पायऱ्यांशेजारी आता उतार केला आहे, वॉकर घेऊन सहज येता येतं. येत्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी तिसऱ्या रांगेत असेन, नाड्या घरूनच घट्ट बांधून आलेला. तुझं नाव पुकारतील तेव्हा मी उभा राहणार नाही. उत्तर तू दे.

तुझाच,
चष्मेवाला