नेपच्यूनचा खेळ अर्धा राहिला

३ मार्च
चि. भडक्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, कारण डावा डोळा सुजून मिटलाय. घाबरू नकोस, सांगते.

काल तारांगणात माझा नेपच्यूनचा खेळ चालू होता. घुमटावर निळा गोळा आणून मी सांगत होते, की सूर्यापासून सगळ्यात लांबचा हा ग्रह, उभं राहायला टणक जमीन नाही, आणि वारे ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर. तेवढ्यात मागून फाडकन आवाज आला. पुन्हा आला. लोकांना वाटलं, खेळातलाच. मी दिवे लावले. एक माणूस बायकोचं डोकं पुढच्या खुर्चीवर आपटत होता. तिथलं वर्ष केवढं असेल, एवढंच तिनं त्याला विचारलं होतं.

सगळे नुसते बघत बसले. मी धावले. त्यानं कोपर हाणलं, मी पायऱ्यांवर पडले, पण पडल्या पडल्या त्याची पोटरी धरली आणि कडकडून चावले. मग कुठं तिकीटवाले काका त्याच्यावर तुटून पडले.

दवाखान्यात नेताना तिला सांगितलं, आपली एकशे पासष्ट वर्षं म्हणजे तिथलं एक. रक्त पुसत ती म्हणाली, तिथं कुणी एक वर्षाचंही होणार नाही. तिला माहेर नाही. शिवणकाम करते. सध्या माझ्याकडेच आहे.

जपून राहा, आठवण ठेव.
तुझी ताई

८ मार्च
ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून डोकं फिरलं. गोदीत रजा टाकली आहे. त्याचा पत्ता कळव, दोन्ही हात मोडतो, मग तुरुंगात जायला तयार आहे. तू चावलीस हे वाचून मात्र त्याची कीव आली. माझ्या दंडावरची खूण अजून गेलेली नाही. पत्ता विसरू नकोस.

तुझ्या मायेचा हक्कदार,
भडक्या

१४ मार्च
चि. भडक्यास अनेक आशीर्वाद.

पत्ता देणार नाही. परवा तो स्वतःच आला. लाथा घालून दार बिजागऱ्यांसकट पाडलं आणि तिचा गळा धरला. ती इस्त्री करत होती. तीच तापलेली इस्त्री तिनं त्याच्या मनगटावर दाबून धरली. तो किंचाळत जिन्यावरून गडगडला, खाली शेजाऱ्यांनी धरला. आता कोठडीत आहे.

पोलिसांना तिनं लग्नापासूनचं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. बाहेर आल्यावर मात्र तिनं विचारलं, तो सुटला तर मी कुठं जाऊ. मी म्हटलं, कुठंही नाही.

म्हणून तू ये, पण वेल्डिंगचं सामान घेऊन. लोखंडी दार बसवायचंय. माप मागच्या पानावर दिलंय. कडी आतून हवी, आणि कुलपाच्या किल्ल्या दोन कर. एक तिची.

राग कामाला लाव, आणि माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई